बहात्तर मिनिटं

“हात मागं घे,” अण्णा म्हणाले. “ऱ्हावत नसंल तर मांडीखाली घालून बस. पर चक्रीला बोट लागता कामा न्हाई.”

मी खरंच दोन्ही हात मांडीखाली घातले आणि डोळा भिंगाला लावला. कॅमेऱ्याचं शटर उघडून जेमतेम मिनिट झालं होतं. एकाहत्तर मिनिटं बाकी होती. पन्हाळ्याच्या पायथ्याशी मामाच्या मळ्यात, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात आमची दुर्बीण उभी होती आणि पंपाच्या पेटीतून ओढलेल्या वायरवर तिची छोटी मोटर कुरकुरत होती. सत्त्याऐंशी साल, पाडव्याच्या तोंडावरची अंधारी रात्र. मी एकोणीस वर्षांची होते, बारावी होऊन घरी बसले होते, आणि आईच्या मते मला आभाळाचं खूळ लागलं होतं.

खूळच ते. चार महिने रोज दोन तास काचेवर काच घासून मी सहा इंची आरसा बनवला होता. बाकीची दुर्बीण अण्णांची. तिचा लोखंडी पाया इतका दणकट झाला होता की आई म्हणायची, नाकापेक्षा मोती जड. मला सप्तर्षींच्या शेपटीजवळची एक दीर्घिका फोटोत धरायची होती. मरीची हा शेपटीचा शेवटचा तारा, त्याच्या जरा अलीकडे, भोवऱ्यासारखी गरगरलेली. तिथून निघालेला उजेड अडीच-तीन कोटी वर्षांनी आपल्याकडे पोचतो आणि पोचतो तेव्हा इतका पुसट असतो की डोळ्याला नुसता धुरकट ठिपका दिसतो. फिल्मवर मात्र तो साठत जातो. तासभर धीर धरला तर दीर्घिकेचे हात उमटतात.

अडचण एवढीच की खालची पृथ्वी तासभर थांबत नाही. म्हणून दुर्बीण आभाळाबरोबर फिरवावी लागते, आणि ती फिरणारे दोन भाग अण्णांनी केले होते. एकशे ऐंशी दात्यांचं चाक, आणि त्याला लागून फिरणारा मोठ्या स्क्रूसारखा वर्म. वर्मचा एक फेरा आठ मिनिटांचा. नऊ फेरे म्हणजे बहात्तर मिनिटं. त्याचा आटा केसभर चुकला तरी फोटोत तारे ठिपक्यांसारखे न येता लांबट येतात. म्हणून मोठ्या नळीशेजारी एक लहान नळी बांधलेली, तिच्यात कोळ्याच्या धाग्याची फुली. फुलीवर एक तारा धरायचा, आणि तो सरकला की पितळी चक्री जराशी फिरवून जागेवर आणायचा. हौशी लोक तेव्हा असंच करायचे. अण्णांनी नेमकं तेच मला करू दिलं नव्हतं.

त्याचं कारण दुर्बिणीत नव्हतं, उद्यमनगरातल्या कारखान्यात होतं. केशव पांचाळ, म्हणजे माझे वडील, आमचे अण्णा, तिथं एकतीस वर्षं एकाच लेथवर टर्नर होते. जानेवारीत त्यांनी केलेले चाळीस वर्म तपासणीत नापास झाले. नवा सुपरवायझर उंटावरून शेळ्या हाकणारा. त्यानं लेथकडे न बघताच लिहून टाकलं, वयोमानानं कामगाराचा हात बिघडला आहे. अण्णांना लेथवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. एकतीस वर्षांचा टर्नर खिडकीतून पोरांना पाने आणि ड्रिल काढून देऊ लागला. घरी येऊन ते हात धुवायचे, पण हाताला तेल नसायचंच. ते बघताना मला रडू यायचं.

“माझा हात चुकला न्हाई,” ते एवढंच म्हणायचे. “त्येंचं मापच चुकलंय.”

दुर्बिणीचा वर्म त्यांनी त्याच महिन्यात, त्याच लेथवर, साहेबांच्या परवानगीनं जेवणाच्या सुट्टीत कापला होता. तेव्हा त्यांचा हिशेब सरळ होता. हा वर्म बहात्तर मिनिटं एकट्यानं तारा धरून राहिला, तर हात शाबूत आणि कारखान्याचं माप खोटं. मोठे साहेब, कानेटकर, सोमवारी त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला तयार झाले होते. पाडव्यानंतरचा सोमवार.

“तारा काय कुनाच्या पार्टीचा न्हाई,” अण्णा मला म्हणाले होते. “त्यो सांगंल ते खरं.”

“मग तुम्हीच बघा की फुलीत,” मी म्हटलं होतं.

“आपला जॉब आपण तपासायचा नसतोय. करणारा येगळा, तपासणारा येगळा. तू तपासणारी.”

तर मी तपासणारी. मांडीखाली हात घालून बसलेली. अण्णा माझ्याकडे पाठ करून बांधावर बसले होते, मुद्दाम, आपला डोळासुद्धा जॉबवर पडू नये म्हणून.

पहिली दोन मिनिटं तारा फुलीवर खिळ्यानं ठोकल्यासारखा होता. तिसऱ्या मिनिटाला तो हलला. मला वाटलं, माझीच पापणी हलली. मी डोळा मिटून पुन्हा उघडला. तारा धाग्याच्या पलीकडे गेला होता आणि सावकाश आणखी पुढे चालला होता.

“कसं काय?” बांधावरून अण्णांनी विचारलं.

“आहे,” मी म्हटलं. “जागेवर आहे.”

ते बोलताना माझा उजवा हात मांडीखालून निघून चक्रीवर गेलेला होता. दोन बोटांनी मी ती इतकी हळू फिरवली की मोटरचा आवाजही बदलला नाही. तारा फुलीवर परत आला. अर्ध्या मिनिटात पुन्हा सरकला. पुन्हा आणला.

हे मी अण्णांसाठी केलं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं. मला ती दीर्घिकाही हवी होती. चार महिने काच घासली होती, नवी फिल्म पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि तारे लांबट आलेला फोटो मला नको होता. बापाची अब्रू आणि माझी हाव दोन्ही एकाच चक्रीवर होत्या. मी फिरवत राहिले. मान अवघडली, बोटं गारठली, डोळ्यातून पाणी गळून भिंग धूसर झालं, ते बाहीनं पुसून पुन्हा फिरवत राहिले. एकदा श्वास जोरात सुटला आणि तारा थरथरला, तेव्हापासून श्वाससुद्धा जपून घेतला. अण्णा दर थोड्या वेळानं विचारायचे आणि मी दर वेळी “जागेवर आहे” म्हणायचे.

बहात्तराव्या मिनिटाला मी शटर बंद केलं. अण्णा उठून आले. त्यांनी दुर्बिणीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. “एकदा बी न्हाई?”

“एकदाही नाही.”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून तोंड पुसलं. ते रडत होते की घाम पुसत होते, अंधारात दिसलं नाही, आणि मला बघायचंही नव्हतं.

फिल्म मी घरीच, मोरीत धुतली. आमच्या गल्लीतल्या फोटोवाल्यानं तिच्यावरून वहीच्या पानाएवढा फोटो काढून दिला तो पुढच्या रविवारी. मधोमध दीर्घिका होती. दोन हात, दोन्ही भोवऱ्यासारखे वळलेले, एका हाताच्या टोकाला तिची धाकटी जोडीदारीण. आणि भोवतीचे सगळे तारे वाटोळे, मोहरीच्या दाण्यासारखे.

अण्णांनी कारखान्यातलं भिंग आणलं होतं. उन्हात खुर्ची घेऊन त्यांनी एकेक तारा बघितला. आई दोनदा जेवायला बोलावून गेली, तिसऱ्यांदा ताटच तिथं आणून ठेवलं. शेवटी अण्णांनी भिंग खाली ठेवलं आणि ते इतक्या मोठ्यानं हसले की शेजारच्या खिडकीतून माणूस डोकावला.

“बघ गं,” ते आईला म्हणाले. “हात बिघडलाय म्हनं! ये म्हणावं त्या सुपरवायझरला. नऊ फेरे, आन एक तारा वाकडा न्हाई!”

“मला त्यातलं काय कळतंय,” आई म्हणाली, पण तिचाही चेहरा फुलला होता. जानेवारीपासून त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं.

दुपारभर अण्णा सोमवारच्या तयारीला लागले. पँटला इस्त्री केली. फोटो दोन पुठ्ठ्यांत घालून सुतळीनं बांधला. साहेबांना काय सांगायचं ते आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. “साहेब, माप तपासा. मी म्हणतो म्हणून न्हवं, आभाळ म्हणतंय म्हणून.”

मी गप्प बसले असते तर काय झालं असतं, याचा मी त्या दुपारी खूप विचार केला. कारखान्यात कुणालाही ही चक्री ठाऊक नव्हती. साहेबांनी फोटो बघून मान डोलावली असती. अण्णा परत लेथवर उभे राहिले असते, आणि पुन्हा चाळीस वर्म कापले असते. तेही तसेच. त्या वेळी त्यांच्याजवळ तारा जागेवर आणायला कुणी बसलेलं नसतं.

संध्याकाळी ते ओट्यावर बूट पॉलिश करत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

“अण्णा, मी हात लावला होता.”

“कशाला?”

“चक्रीला.”

ब्रश थांबला. त्यांनी वर बघितलं नाही. “किती डाव?”

“मोजलं नाही. सारखाच. तिसऱ्या मिनिटापासनं शेवटपर्यंत.”

“तारा किती जाईत हुता? फुली सोडून?”

“धाग्याच्या जाडीच्या चौपट. कधी पाचपट.”

त्यांनी बूट खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून जास्तच लागला. “इन्स्पेक्टरनंच जॉबला कानस मारली, म्हंजे काय झालं गं?”

मी ओट्यावरची पॉलिशची डबी बंद करून ठेवली.

“मी तुला तपासाया बसवलं हुतं, वैजू. लाड कराया न्हाई. उद्या मी कानेटकर साहेबांच्या तोंडावर खोटं बोललो असतो. आभाळाची शपथ घिऊन.”

“म्हणून तर सांगितलं.”

“आठ दिसांनी!”

आई दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, “पोरीनं तुमच्यासाठीच केलं न्हवं?”

“न्हाई,” मीच म्हटलं. “माझ्यासाठी पण केलं.”

अण्णा उठून परसात गेले. बराच वेळ ते नळाखाली हात धरून उभे होते. मला वाटलं, संपलं. आता ते उद्या जायचे नाहीत, परवा स्टोअरच्या खिडकीत बसायचे आणि रिटायर होईस्तोवर तिथंच. पण ते परत आले ते हत्यारांची पिशवी घेऊनच.

“चल.”

“कुठं?”

“मळ्यात. अजून आख्खी रात्र हाय. वाकडं तर वाकडं, पर किती वाकडं ते बघाया पायजे का नको? फिल्म हाय न्हवं?”

“अर्धा रोल आहे. पण अण्णा, आज चांदणं आहे. दीर्घिका येणार नाही.”

“दीर्घिका कुणाला पायजे? मला रेघ पायजे.”

ती युक्ती मीच त्यांना कधीतरी सांगितली होती. दुर्बिणीचा अक्ष ध्रुवापासून मुद्दाम जरासा ढळवायचा. मग तारा फिल्मवर हळूहळू एका बाजूला वाहत जातो आणि यंत्र जसं चुकेल तशी नागमोडी रेघ काढत जातो. चूक किती, कधी आणि कशी, सगळं त्या रेघेत लिहिलेलं असतं.

आम्ही शेवटची एसटी पकडून मळ्यात पोचलो. मरीचीवर दुर्बीण लावली. चाळीस मिनिटं, पाच फेरे. या वेळी मी चक्रीच काढून पिशवीत टाकली. डोळा फुलीवर होता. तारा गेला, थबकला, झटकन परत आला. पुन्हा गेला. माझे हात रिकामे होते आणि त्यांना काय करावं ते कळत नव्हतं.

शटर बंद झाल्यावर मी वायर गुंडाळू लागले तर अण्णा म्हणाले, “थांब. एका वर्मावरनं काय बी कळायचं न्हाई.” त्यांनी पिशवीतून तेलकट फडक्यात गुंडाळलेला दुसरा वर्म काढला. त्यांची जुनी सवय, एक जॉब लागायचा असला की एक जादा करून ठेवायचा. हा त्यांनी पहिल्यानंतर दहा दिवसांनी कापला होता. बॅटरीच्या उजेडात त्यांनी पहिला उतरवून तो बसवला. बोटं अजिबात कापत नव्हती, हे मी तेव्हाच बघितलं. आणखी चाळीस मिनिटं. दुसरी रेघ.

पहाटे दुधाच्या टेम्पोतून घरी आलो. मी मोरीत फिल्म धुतली. ती वाळेपर्यंत अण्णांना धीर नव्हता. ओलीच खिडकीत धरून त्यांनी भिंग लावलं. पहिली रेघ बघितली. दुसरी बघितली. परत पहिली. मग मला हाक मारली.

“तू बघ. आन मला काय दिसतंय ते इचारू नगंस. तुला काय दिसतंय ते सांग.”

मी बघितलं. पाच लाटा. प्रत्येक लाट सावकाश चढत जाणारी आणि मग झटकन खाली येणारी. दुसऱ्या रेघेवरही पाच लाटा. सावकाश चढ, झटकन उतार. एकीवर दुसरी ठेवली असती तर मिळून गेल्या असत्या.

“दोन्ही सारख्याच आहेत,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की. या खेपेला हात नाही लावला.”

अण्णा खिडकीच्या कट्ट्यावर टेकले. “दोन वर्म. दहा दिसांचं अंतर. हाताची चूक हुती तर आज अशी, उद्या तशी झाली असती. माणसाचा हात दोन डाव सारखा चुकत न्हाई. सारखं चुकतंय ते यंत्र.” त्यांनी फिल्म पुन्हा उजेडाला धरली. “लेथचा लीड स्क्रू, हत्यार फुडं सरकवणारा, त्योच मागंफुडं खेळाया लागलाय. फेऱ्याला एक झोल दितोय. माप बरुबर हुतं त्येंचं, वैजू. चाळीसच्या चाळीस जॉब नापासच हुते.”

“पण हात तुमचा बरोबर होता.”

“हात बरुबर. पर एकतीस वर्सं त्या मशीनवर हाय मी. तिचं दुखणं मला कळाया पायजे हुतं. मी माप खोटं, माप खोटं म्हणत बसलो.” हे त्यांना जड गेलं. जानेवारीपासून ज्याच्यावर ते उभे होते तेच त्यांनी स्वतःच्या तोंडानं मोडलं होतं.

ते साहेबांकडे गेले, पण पुठ्ठ्यातला फोटो न घेता. दोन वर्म आणि ती फिल्म घेऊन गेले. काय बोलले ते त्यांनी संध्याकाळी आईला सांगितलं, मी भाकरी थापत ऐकलं.

“म्हटलं साहेब, तुमचं बरुबर हुतं. माल नापास हाय. माल नापास करा, मला करू नका. मशीन उघडून बघा.”

“मग?” आईनं विचारलं.

“साहेबांनी भिंगातनं रेघा बघितल्या. इचारलं, ह्या कुणी काढल्या? म्हटलं, मरीचीनं. हसले. मंग फिटरला बोलवून मशीन उघडाया लावलं. बेअरिंगात करंगळी जाईल एवढा खेळ. सुपरवायझरनं बी वाकून बघितलं.”

मशीन दुरुस्तीला गेलं, आणि मे महिन्यात अण्णा परत लेथवर उभे राहिले. घरी येऊन त्यांनी साबणानं दोनदा हात धुतले तरी तेल निघेना, त्या दिवशी आईनं शिरा केला.

त्या शिऱ्याच्या रात्री त्यांनी मला हाक मारली. पुठ्ठ्यांची सुतळी सोडून दीर्घिकेचा फोटो समोर ठेवलेला होता. मी तो त्या रविवारनंतर बघितलाच नव्हता. मला त्याची लाज वाटायची. अण्णांनी भिंग लावलं होतं आणि ते त्या दिवशीसारखाच एकेक तारा बघत होते.

“ह्यो वर्म फेऱ्याला पाच धागे बाहेर जातोय,” ते सावकाश म्हणाले. “आन ह्या फोटुत एक बी तारा वाकडा न्हाई. नऊ फेऱ्यांत न्हाई. म्हंजे ज्या ज्या वेळी त्यो चुकला, त्या त्या वेळी कुणीतरी तेवढंच उलटं फिरवलं. जास्त न्हाई, कमी न्हाई. बहात्तर मिनिटं.”

“चुकलंच माझं, अण्णा.”

“ते चुकलंच. ते मी म्हटलं तवाच.” त्यांनी भिंग ठेवलं आणि माझा उजवा हात ओढून दिव्याखाली धरला. बोटं उलटीपालटी करून बघितली, लेथवरून उतरलेली वस्तू बघावी तशी. “मी बांधावरच बसलो हुतो. मोटरचा आवाज ऐकत बसलो हुतो. एकतीस वर्सं यंत्राचा आवाज ऐकलाय मी, आन तुझा हात कधी लागला ते मला कळलं न्हाई.”

आई भांडी घासायची थांबली होती.

“टर्नरच्या कोर्सचे फारम कधी निघत्यात?”

“जूनमध्ये,” मी म्हटलं. मग म्हटलं, “टर्नरला पोरी येत नाहीत, अण्णा.”

“पोरी येत न्हाईत,” आई दारातून म्हणाली. “आन पुढच्या आठवड्यात सांगलीचं स्थळ येणार हाय.”

“त्येंना येऊ दे. च्या पाजू,” अण्णा म्हणाले, आणि फोटो परत पुठ्ठ्यात घालू लागले. “आन फारमाच्या खिडकीत न्हाई म्हणाले तर म्हणू द्या. पर ह्यो फोटू बघून, तोंडावर म्हणू द्या.”

खिडकीतल्या कारकुनानं नाहीच म्हटलं. अण्णांनी फोटो उघडला, भिंग काढून त्याच्या हातात दिलं आणि त्याला पहिल्या ताऱ्यापासून समजावून सांगायला सुरुवात केली. मागे रांग लागली होती. अण्णा तिसऱ्या ताऱ्यावर पोचले तेव्हा त्यानं फॉर्म सरकवला.